बर्फ बसलेला पंख आणि उशिरा येणारा इशारा: नागरी विमान वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार.

बिझनेस जेट, म्हणजे छोट्या खासगी जेट विमानांच्या पंखांवर बर्फ आहे की नाही, हे ओळखण्याची बरीच भिस्त आज वैमानिकाच्या नजरेवर आणि स्मरणावर आहे. ती कमी व्हावी, एवढ्याच मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

मोठ्या प्रवासी विमानांच्या पंखांना पुढच्या कडेला बहुधा सरकत्या पट्ट्या, म्हणजे स्लॅट, असतात आणि त्यांच्यामुळे पंख अधिक कोनातही हवेचा प्रवाह धरून ठेवतो. चॅलेंजर 604 सारख्या बऱ्याच जेटना स्लॅट नाहीत. असा पंख साधा आणि वजनाला हलका असतो, पण त्याची पुढची कड खडबडीत झाली की प्रवाह लवकर सुटतो आणि विमान स्टॉल होते, म्हणजे पंखाची उचल एकदम घटते. यासाठी बर्फाचे थर साचावे लागत नाहीत. सँडपेपरइतका खरखरीत थरसुद्धा पंखाची उचल 30 टक्क्यांपर्यंत घटवू शकतो आणि हवेचा विरोध 40 टक्क्यांपर्यंत वाढवू शकतो.

अशा वेळी इशारा देणारी यंत्रणा असते, हे खरे आहे. मात्र ती पंखाचा हवेशी असलेला कोन मोजते, पंखावरचा बर्फ नव्हे. स्वच्छ पंखासाठी ठरवलेल्या कोनाला स्टिक शेकर, म्हणजे वैमानिकाच्या हातातील नियंत्रण-दांडा हलवून इशारा देणारे यंत्र, थरथरू लागते आणि दंव गोठलेला पंख त्या कोनापर्यंत पोहोचण्याआधीच स्टॉल झालेला असतो. 4 जानेवारी 2002 रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे नेमके हेच घडले. रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या चॅलेंजरचे पंख साफ न करताच उड्डाण झाले, जमीन सुटताच विमान डावीकडे कलंडले आणि त्यातील पाचही जण मरण पावले.

दुसरा धोका उतरताना असतो. 8 डिसेंबर 2014 रोजी अमेरिकेतील गेथर्सबर्ग येथे फेनम 100 हे छोटे बिझनेस जेट घरांवर कोसळले. विमानातील तिघे गेलेच, पण एका घरातील आई आणि तिची दोन मुलेही गेली. त्या विमानात बर्फरोधक यंत्रणेचे बटण चालू केले की स्टॉलचा इशारा लवकर मिळतो आणि उतरण्याचा वेगही वाढवून घेतला जातो. बटण चालू केलेच नव्हते. म्हणजे विसर पडला तो एका बटणाचा, आणि त्याबरोबर पंखाचे संरक्षण व वेळेवरचा इशारा दोन्ही गेले. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने त्यानंतर, अशा विमानांत वैमानिकाला आपोआप आठवण देणारी यंत्रणा हवी, अशी शिफारस केली. मला ती अत्यंत रास्त वाटते.

महोदय, रात्री टॉर्चच्या उजेडात पांढऱ्या रंगावरचा पारदर्शक बर्फ दिसत नाही, तो बोटांनाच कळतो. म्हणून गोठणबिंदूच्या आसपासच्या तापमानात प्रत्येक बिझनेस जेटच्या पंखाची पुढची कड आणि वरचा पृष्ठभाग उड्डाणापूर्वी हाताने चाचपून पाहण्याची व तशी सहीनिशी नोंद करण्याची सक्ती करावी. छोट्या खासगी विमानाजवळ अनेकदा वैमानिकांखेरीज कोणी जाणकार नसतो आणि मालकाला वेळेवर निघायचे असते. नियम लेखी असला, तर वैमानिकाला "थांबा" म्हणायला आधार मिळेल. नव्या विमानांना मान्यता देताना बर्फाच्या स्थितीत आपोआप आठवण देणारी यंत्रणाही अनिवार्य करावी.

साफसफाईला वेळ लागतो आणि खर्चही येतो, हे मान्य आहे. तरीही या दोन्ही तरतुदींचा मसुदा पुढच्या हिवाळ्यापूर्वी जनतेच्या सूचनांसाठी खुला करावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
विमानविद्येचा एक अभ्यासक