ॲपल पायच्या काठाला मुरड घालून देणाऱ्या काकूंना

तीर्थस्वरूप काकूंना साष्टांग नमस्कार,

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या रात्री साडेनवाला मी तुम्हाला फोन केला, तेव्हा माझा पहिला ॲपल पाय कचऱ्याच्या पिशवीत जाऊन पडला होता. वरून छान तांबूस, खाली मैद्याची लापशी आणि मध्ये सफरचंदाचा नुसता रस्सा. दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या मैत्रिणीकडे टर्कीचं जेवण होतं आणि "गोडाचं मी आणते" असं मीच तोऱ्यात सांगून बसले होते. तुम्ही माझं रडगाणं पुरतं ऐकलंही नाहीत. "लोणी फ्रीजरमध्ये टाक, आलेच," म्हणालात आणि नाइटगाऊनवर कोट चढवून खालच्या मजल्यावरून आलात.

घोडं कुठे अडलं होतं ते तुम्ही एका प्रश्नात काढलंत: "लोणी वितळवलंस ना?" वितळवलं होतं. करंजीला मोहन कडकडीत घालायचं, हे आईनं हातात इतकं मुरवलंय की दुसरं काही सुचलंच नाही. मग तुम्ही अडीच कप मैद्यात दोन स्टिक, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम, गारठलेलं लोणी बोटांच्या टोकांनी चुरलंत, वाटाण्याएवढे खडे ठेवून. बर्फाचं पाणी चमच्याचमच्यानं. मूठ वळली की बस्स. मी सवयीनं मळायला गेले तर हातावर चापट! "मळलंस की चिवट होणार. हे खडे म्हणजे करंजीच्या पदरांमध्ये लावतो तो साटाच समज. ओव्हनमध्ये लोण्यातल्या पाण्याची वाफ होते, तीच पदर सुटे करते." इतक्या रेसिपी पाहिल्या होत्या मी, पण साट्याचं नाव निघालं तेव्हाच डोक्यात उजेड पडला.

गोळा तासभर फ्रीजमध्ये बसला. तेवढ्यात आपण सहा आंबट ग्रॅनी स्मिथ सफरचंदं चिरून साखरेत ठेवली, सुटलेला रस गाळून पाकासारखा आटवला आणि परत फोडींवर ओतला, म्हणजे रस्सा व्हायची भीती गेली. वेलची घालू का विचारलं, तर "नको, ते लोक दालचिनीच शोधतात. हवं तर जायफळ किस." पोळपाट पुरेना म्हणून ओट्यावरच लाटलं. तळ कच्चा राहू नये म्हणून काचेचं भांडं तापलेल्या ट्रेवर ठेवलं, आधी ४२५ फॅरनहाइटवर वीस मिनिटं, मग ३७५ वर. बाहेर काढला तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. गरम कापायचा नाही, रात्रभर निवू दे, अशी तंबी देऊन तुम्ही जिना उतरलात. तुमचे गुडघे दुखतात हे मला तेव्हा आठवलंसुद्धा नाही, त्याची लाज वाटते.

तिकडे चवीआधी कौतुक झालं ते काठाचं. मैत्रिणीच्या आजीनं चष्मा लावून तुम्ही घातलेली मुरड पाहिली आणि असा दोर कसा वळतात, विचारलं. मी रुमालाच्या काठावर करून दाखवलं. तिला तीनदा जमलं नाही, चौथ्यांदा जमलं.

काकू, मनापासून आभार. तुमचं काचेचं भांडं आणि कातणं अजून माझ्याकडेच आहे. भांडं रिकामं कसं परत करायचं, म्हणून उरलेल्या सारणाच्या आठ करंज्या तळल्या. तीन तेलात उकलल्या, त्या आम्ही संपवल्या. पाच घेऊन शनिवारी येते.

तुमची,
वरच्या मजल्यावरची