बाळ्या, तुलाच लिहितोय

बाळ्या,

आठ महिने झाले, दिवाळीत तुझ्यावर आवाज चढवला त्यानंतर फोन नाही की मेसेज नाही. चूक माझी. इकडे सगळे बरे, आईचं बीपी गोळीवर आहे.

पोरगा फौजेच्या भरतीत निघाला. परवा डोमिसाईलसाठी तहसीलला गेलो, सेतूत ही लाईन, म्हणून दोघं छत्री धरून यशवंत घाडग्यांच्या पुतळ्यापाशी थांबलो. मी लागलो सांगायला, आपल्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा पोरगा, ५ मराठा लाइट इन्फंट्रीचा नाईक, १० जुलै १९४४, इटलीत टायबरचं खोरं, सेक्शनमधे, म्हणजे त्याच्या छोट्या तुकडीत, हा सोडून सगळे मेले नाहीतर जखमी, हा एकटाच मशीनगनवर धावला, ग्रेनेडनं गन आणि गनर उडवला, एकाला टॉमीगननं मारलं, मॅगझिन बदलायला वेळच नाही म्हणून नळीला धरून उरलेल्या दोघांना हाणलं, मग छातीत नि पाठीत गोळ्या लागून जिंकलेल्या त्याच चौकीत गेला. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर. नववीच्या गॅदरिंगमुळे सगळं पाठ आहे रे! यशवंत मी होणार होतो, तू सरांना पटवलंस, आणि मला जर्मन करून ती लाकडी बंदूक खरीच घातलीस खांद्यावर, आठवडाभर वळ होता.

पोरगा म्हणाला, "बाबा, मॅगझिन संपेपर्यंत फायर केलं म्हणजे नळी तापलेली असणार ना? हात भाजला असेल त्यांचा."

मला इतक्या वर्षांत हे कधी सुचलं नाही. मी त्याच्या हाताकडेच बघत बसलो, मधल्या बोटावर अजून बारावीच्या पेनाचा घट्टा आहे. यशवंत २२ वर्षांचे होते, आमचा १९ चा.

तू दिवाळीत विचारलेलंस, त्या सेक्शनमधल्या बाकीच्यांची नावं सांग. मी चिडलो, म्हणलं फौजी असल्याचा माज दाखवतोस. बाळ्या, मला एकाचंही नाव येत नाही. रात्री झोप लागत नाही, हिला सांगता येत नाही, ती पेढे वाटतीये.

त्याला अडवायचं नाहीये मला, अभिमान आहेच. पण बेळगावला ट्रेनिंगला जायच्या आधी दोन दिवस तुझ्याकडे पाठवतो. आम्हाला कधी सांगितलं नाहीस ते त्याला सांग, काही झाकू नकोस.

गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकलू नको. चिऊचा निकाल लागला का? वहिनींना नमस्कार.

शनिवारी एसटीनं येईल, स्टँडवर घ्यायला जा, त्याला तुझं घर आठवत नाही.

तुझाच,
जर्मन