सोबत आलेल्या माणसालाही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझे वय ७१. तीन वर्षांपूर्वी यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून त्यांचे सगळे मीच करते. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात, म्हणून रात्री अकरा, एक, तीन आणि पाचचा गजर लावलेला असतो. दर महिन्याला डॉक्टर त्यांचा रक्तदाब, साखर बघतात. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या मला अजून कोणी काही विचारलेले नाही.

दिवाळीनंतर समाजकार्य शिकणारी एक मुलगी घरी आली. तिच्याकडे आजाऱ्याचे करणाऱ्यावर किती ओझे पडते ते मोजणारी झरिट यांची प्रश्नावली होती. स्टीव्हन झरिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये अमेरिकेत, स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना सांभाळणाऱ्या घरच्या माणसांसाठी ती तयार केली. आता तिच्यात २२ प्रश्न असतात. 'कधीच नाही' म्हटले की शून्य, 'जवळजवळ नेहमीच' म्हटले की चार, असे एकूण ८८ गुण. गुण जितके जास्त, तितका ताण जास्त.

तिने बाहेरच्या खोलीतच विचारायला सुरुवात केली. यजमान कॉटवर, नणंद समोर. तब्येतीवर परिणाम झालाय का? छे. स्वतःसाठी वेळ मिळत नाही असं वाटतं? नाही गं, मला काय करायचाय वेळ! बेरीज झाली ९.

निघताना तिने माझ्या डोळ्याकडे पाहिले. मोतीबिंदू पिकलाय. ऑपरेशन दोनदा पुढे ढकलले, कारण नंतर वजन उचलायचे नाही म्हणतात, मग यांना उचलणार कोण? दोन दिवसांनी ती परत आली आणि थेट स्वयंपाकघरात पाटावर बसली. मी मेथी निवडत होते. तेच प्रश्न, पण दार लोटलेले. बेरीज ४६. दोन दिवसांत घरात काहीही बदललेले नव्हते.

आपल्याकडे 'ओझे' हा शब्दच तोंडातून निघत नाही. नवऱ्याला ओझे म्हणायचे? जन्मभराच्या माणसाला? मग पाठ भरून आली तरी 'वयच झालं आता' म्हणायचे.

हा आकडा कशाला हवा, हे १९९९ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अमेरिकेतील अभ्यासावरून कळते. ६६ ते ९६ वर्षांच्या जोडप्यांत, जोडीदाराची शुश्रूषा करताना ज्यांना ताण जाणवत होता, त्यांना पुढील चार वर्षांत मृत्यूचा धोका शुश्रूषा न करणाऱ्यांपेक्षा ६३ टक्के जास्त आढळला. शुश्रूषा करूनही ज्यांना ताण नव्हता, त्यांच्यात तसा वाढलेला धोका दिसला नाही. म्हणजे सेवा करणारे सगळे सारखे नसतात, आणि विचारल्याशिवाय कोण कुठे आहे ते कळत नाही.

हे परदेशी खूळ नव्हे. मनोरुग्णांच्या कुटुंबांवरचा भार मोजण्यासाठी पै आणि कपूर या संशोधकांनी बंगळूरमध्ये १९८१ मध्येच प्रश्नावली तयार केली होती. पुढे मनोरुग्णांसाठी काम करणाऱ्या चेन्नईच्या स्कार्फ संस्थेनेही केली. पण माझ्यासारखीपर्यंत असे काही पोचते ते एखाद्या विद्यार्थिनीच्या प्रकल्पामुळे, तेही नशीब असेल तर.

४६ हा आकडा मी मुलाला फोनवर सांगितला. 'दमते रे' असे मी तीन वर्षांत अनेकदा म्हटले होते. आकडा ऐकल्यावर तो गप्प झाला. आता तो दहा दिवसांची रजा काढून येतोय आणि डोळ्याची तारीख ठरली आहे.

आशाताई तिशीवरील प्रत्येकाचा आरोग्याचा फॉर्म भरायला दारात येतातच. माझी आरोग्य विभागाला कळकळीची विनंती आहे की, त्याच फेरीत, घरात अंथरुणाला खिळलेले कोणी असेल तर त्यांचे करणाऱ्या म्हाताऱ्या माणसालाही विचारावे. पण 'ओझं वाटतं का' असे नको. सलग चार तास झोप लागून किती दिवस झाले? स्वतःची कोणती तपासणी राहून गेली आहे? तुम्ही आजारी पडलात तर यांना उचलणार कोण? आणि हे कृपया बाहेरच्या खोलीत विचारू नये. आत स्वयंपाकघरात यावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा