चेंबरच्या टेबलावर माणूस कोण आहे? केंद्रीय वाणिज्यमंत्र्यांना खान्देशातून खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, वाणिज्य व उद्योग,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय, सप्रेम नमस्कार.

रावेर, यावल, चोपड्याची केळी, नंदुरबारची मिरची आणि जळगावच्या औद्योगिक वसाहतीतला प्लास्टिकचा माल परदेशी पाठवण्याच्या कामात असलेली आम्ही माणसे आहोत. कोणी पॅकहाऊस चालवतो, कोणी कागदपत्रे करतो, कोणी शेतकरी उत्पादक कंपनी सांभाळतो. हे पत्र अनुदान मागण्यासाठी नाही. दोन देशांमधला व्यापार वाढवण्यासाठी ज्या संस्था आहेत, ज्यांना आपण सगळे द्विपक्षीय चेंबर म्हणतो, त्या चालवणाऱ्या माणसांकडे आपले लक्ष वेधायचे आहे. आपल्या मंत्रालयाचा या संस्थांशी रोजचा संबंध येतो. तिथे कोण बसते आणि काय काम करते, यावर आमच्या कंटेनरचे भवितव्य ठरते.

या संस्था जुन्या आणि मोलाच्या आहेत. इंडो-जर्मन चेंबर १९५६ सालचे, इंडो-इटालियन १९६६ चे, इंडो-अमेरिकन १९६८ चे, इंडो-फ्रेंच १९७७ चे. चारही मुंबईशी घट्ट बांधलेली. जपानची जेट्रो १९५८ पासून आणि कोरियाची कोट्रा १९६२ पासून सरकारी बळावर हेच काम करते. रचना बहुतेक ठिकाणी सारखीच असते. वर एक निवडून आलेली समिती, तिचा मानद अध्यक्ष, खाली पगारी महासंचालक किंवा सरचिटणीस, आणि त्याच्या खाली वेगवेगळ्या उद्योगांची टेबले सांभाळणारे अधिकारी. जर्मन पद्धतीत तर एकाच कार्यालयावर तीन कामे असतात: आपल्या देशाच्या उद्योगांचे अधिकृत प्रतिनिधित्व, सभासदांची संघटना, आणि पैसे घेऊन दिलेली सेवा. खर्चाचा काही भाग त्यांचे संघराज्य सरकार उचलते, उरलेला सभासद वर्गणी आणि सेवाशुल्कातून येतो. सेवेचे पैसे घेतले की काम मोजून द्यावे लागते, म्हणून ही पद्धत आम्हाला पटते.

अध्यक्ष कोण, याची बातमी होते. आमच्या दृष्टीने मात्र कळीचा माणूस तिसऱ्या पायरीवरचा, टेबलावरचा. परदेशी खरेदीदाराची चौकशी त्याच्याकडे येते आणि ती कोणाकडे, कशा स्वरूपात पाठवायची हे तो ठरवतो. त्याला माल कळत नसेल तर वरच्या समितीत कितीही मोठी नावे असोत, उपयोग होत नाही.

केळीचेच घ्या. आखातातून चौकशी येते: "भारतीय केळी हवी, दर कळवा." ही ओळ जशीच्या तशी पन्नास सभासदांना पुढे ढकलली की पन्नास वेगवेगळे दर जातात, खरेदीदार गोंधळतो आणि सर्वांत कमी दर देणाऱ्याकडे वळतो. तो कमी दर बहुधा ज्याच्याकडे शीतकरण नाही त्याचा असतो. जाणकार माणूस चौकशी पुढे पाठवण्याआधी खरेदीदाराला उलट विचारतो. खोका किती किलोचा? आपल्याकडे साधारण १३ ते साडेतेरा किलोचा चालतो आणि चाळीस फुटी शीत कंटेनरात असे सुमारे १५४० खोके, म्हणजे वीस टनांच्या आसपास माल बसतो. एका खोक्यात किती फण्या? केळ्याची लांबी आणि कॅलिपरवरची जाडी किती? युरोपीय संघाच्या नियमात किमान १४ सेंटिमीटर लांबी आणि २७ मिलिमीटर जाडी लागते, पण प्रत्यक्ष खरेदीदार त्याहून बरेच मोठे फळ मागतो. दर एफओबी, म्हणजे जहाजावर माल चढेपर्यंतचा, हवा की जहाजभाड्यासह? पिकवणी केंद्र त्याचे स्वतःचे आहे की तो बाजारात हिरवा मालच विकणार? आगाऊ रक्कम किती आणि उरलेली कोणत्या कागदावर सुटणार? शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा: माल उतरल्यावर तक्रार आली तर पाहणी कोण करणार?

एवढी उत्तरे घेतलेली चौकशी पाच जणांकडे गेली तरी पुरते. पन्नास जणांकडे गेलेल्या कोऱ्या चौकशीपेक्षा तिचे मोल कितीतरी जास्त.

खरेदीदाराची शहानिशा हेही टेबलाचेच काम. दुबईच्या व्यापाऱ्याकडे ट्रेड लायसन्स असते. त्यावर कोणत्या व्यवसायाची परवानगी आहे आणि मुदत कधी संपते हे लिहिलेले असते. बांधकाम साहित्याच्या लायसन्सवर फळांची मागणी आली तर तिथेच थांबावे. युरोपातल्या कंपनीचा व्हॅट क्रमांक चालू आहे की नाही, हे युरोपीय संघाच्या संकेतस्थळावर फुकट तपासता येते. निर्यातीचा पतविमा देणाऱ्या आपल्या सरकारी ईसीजीसीकडे त्या खरेदीदारावर पतमर्यादा मागितली की पूर्वीचे पैसे थकवल्याची माहिती बाहेर येऊ शकते. ही तिन्ही कामे मिळून फार वेळ खात नाहीत. तरीही अनेक चेंबर खरेदीदारांच्या जुन्या याद्या 'मार्केट इन्फर्मेशन' म्हणून विकतात. त्यांतले निम्मे दूरध्वनी लागत नाहीत, उरलेल्यांत नोकरी सोडून गेलेल्या माणसांची नावे असतात.

आता तक्रारीबद्दल सविस्तर सांगायला हवे, कारण खान्देशाचे सर्वांत जास्त नुकसान इथे होते. केळी साधारण पाऊण भरावात कापली जाते. त्याच दिवशी पॅकहाऊसला येते, फण्या सुटतात, तुरटीच्या पाण्यात चीक निघतो, देठाला बुरशीनाशक लागते, मग पॉलिथिन पिशवीतून खोक्यात. त्यानंतर फळाच्या गाभ्याचे तापमान साडेतेरा अंशांपर्यंत आणावे लागते, तेही कंटेनर भरण्याआधी. कंटेनरचे यंत्र थंड फळ थंड ठेवते. तापलेले फळ थंड करण्याएवढी ताकद त्यात नसते. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे पारा ४४-४५ अंशांवर असताना हा एक टप्पा चुकला की मधल्या थरातले फळ वाटेतच इथिलिन, म्हणजे फळ पिकवणारा वायू, सोडायला लागते आणि शेजारचे खोकेही पिवळे पडतात. उलट, तापमान १३ च्या खाली गेले तर सालीखाली तपकिरी रेषा उमटतात आणि ते फळ पुढे नीट पिकत नाही. रावेरहून न्हावाशेवा बंदर साडेचारशे किलोमीटरहून अधिक. वाटेत ट्रेलरवरचा जनरेटर बंद पडला तर दोष वाहतूकदाराचा. बंदरात वीजजोडणी उशिरा मिळाली तर वेगळ्याचा. आणि समोरच्या बंदरात गोदामाबाहेर कंटेनर उघडा राहिला तर खरेदीदाराचा.

दोष कोणाचा हे डेटा लॉगरच्या, म्हणजे कंटेनरातले तापमान नोंदवणाऱ्या यंत्राच्या, आलेखावरून आणि उतरवल्यापासून २४ ते ४८ तासांत झालेल्या त्रयस्थ पाहणीवरून कळते. पाहणी झालीच नाही तर खरेदीदार मोबाइलवर पिवळ्या फळांचे चार फोटो पाठवतो आणि बिलातून वाटेल ती रक्कम कापतो. पैसे त्याच्याकडे अडकलेले, माल त्याच्या ताब्यात. इथला निर्यातदार निमूट मान्य करतो आणि पुढच्या खेपेला शेतकऱ्याचा भाव तेवढा कमी लावतो. बऱ्हाणपूरच्या केळी बाजारातल्या भावाकडे डोळे लावून बसलेल्या आमच्या शेतकऱ्याला हे नुकसान कुठून आले ते कळतही नाही. चेंबरने दोन्ही देशांतल्या मान्य पाहणीदारांची यादी ठेवली, शुल्क आधी ठरवून दिले आणि करारात या पाहणीचे एक कलम घालायला लावले, तर यातले बहुतेक वाद दोन दिवसांत मिटतील. दोन्ही बाजूंचा विश्वास असलेली संस्था म्हणून हे काम चेंबरलाच शोभते. सरकारी कार्यालयाला एवढ्या वेगाने ते करता येणार नाही.

इराणचा धडा याच जातीचा. इराणकडून तेल घेत होतो तोवर त्या तेलाचे पैसे युको बँकेतल्या रुपया खात्यात जमा होत आणि त्यातूनच आमच्या मालाचे पैसे सुटत. मे २०१९ नंतर तेल थांबले, खात्यातली गंगाजळी आटत गेली, आणि केळीचे पैसे तिसऱ्या देशातल्या मध्यस्थामार्फत फिरू लागले. मागणी तिथे आजही आहे. पण बँकेचा मार्ग न समजलेल्या अधिकाऱ्याने "इराणमध्ये मोठी संधी" असे चर्चासत्र घेणे म्हणजे नव्या निर्यातदाराला विहिरीच्या काठावर नेऊन सोडणे. पैसे येण्याची वाट सांगता येत नसेल तर संधी सांगू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नंदुरबारच्या मिरचीची अडचण वेगळी. ओली लाल मिरची व्यापारी घेतात आणि पथारीवर उघड्यावर वाळवतात. दव, अवकाळी पाऊस, आणि मिरची तुटू नये म्हणून मारलेले पाणी, यांतून बुरशी धरते. ओलावा दहा-अकरा टक्क्यांवर आला नाही की अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचे विष, वाढते. युरोपीय संघाची मसाल्यांसाठीची मर्यादा त्यातल्या बी-१ प्रकारासाठी किलोमागे ५ मायक्रोग्रॅम, एकूण १० मायक्रोग्रॅम. जंतू मारायला इथिलिन ऑक्साइडची धुरी दिली तर त्याच्या अवशेषाची मर्यादा किलोमागे ०.१ मिलिग्रॅम. म्हणजे एक दोष काढायला जाऊन दुसरा ओढवतो. उपाय वाफेचे निर्जंतुकीकरण आणि ताडपत्री किंवा सिमेंटच्या ओट्यावर वाळवण. युरोपातल्या चेंबरच्या टेबलावर हे माहीत असलेला माणूस असेल तर तो आधी यंत्रे बनवणाऱ्याची आणि प्रयोगशाळेची गाठ घालून देईल, खरेदीदाराची नंतर. क्रम उलटा झाला की पहिलाच माल परत येतो आणि त्या खरेदीदाराचे दार कायमचे बंद होते.

प्लास्टिकच्या पाइप-चटयांचे थोडक्यात. संयुक्त अरब अमिरातीशी झालेला करार १ मे २०२२ पासून लागू आहे. सवलतीच्या दरासाठी मूळदेशाचा दाखला लागतो. पीव्हीसी रेझिन हा कच्चा माल आयात केलेला असेल तर देशात किती मूल्यवाढ झाली याचा हिशेब जोडावा लागतो. दाखल्यावरचा सहा अंकी एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गवारीचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, बिलाशी जुळला नाही, किंवा खरेदीदाराच्या नावात एक शब्द कमी पडला, तर तिकडची कस्टम पूर्ण शुल्क लावते. जहाज सुटण्याआधी मसुदा तपासून देणारा एक माणूस जळगावात बसला तर हे टळते.

महोदय, जळगाव केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि जून २०२१ मध्ये तांदलवाडीची २२ टन मानांकित केळी दुबईला गेली. त्या खेपेचा आम्हाला अभिमान आहे. पण पहिली खेप सोहळ्यात जाते, व्यापार दहाव्या खेपेपासून सुरू होतो. दरम्यान सोलापूर जिल्हा केळी निर्यातीत आमच्या पुढे निघून गेला. त्याची कारणे आमच्या शेतातही आहेत, हिवाळ्यातल्या थंडीत आणि केळीवरच्या सीएमव्ही या विषाणूजन्य रोगातही आहेत. परंतु खरेदीदाराशी सतत बोलत राहणारा माणूस नसणे, हे त्यांतले एक मोठे कारण आहे.

शिष्टमंडळांबद्दल आमचा अनुभवातून आलेला आग्रह असा. वीस मिनिटांच्या पंधरा भेटी ठरवून दिल्याने व्यापार होत नाही. जाण्याआधी सहा आठवडे नमुन्याची माहिती समोर गेलेली असावी, भेटी चारच असाव्यात, त्यांतली एक पिकवणी केंद्रात किंवा बंदराच्या शीतगृहात व्हावी. परत आल्यावर सहा महिने पाठपुरावा व्हावा. आज परदेशी बाजारपेठ मिळवून देण्यासाठीच्या सरकारी योजनांतून प्रवास आणि स्टॉलला मदत मिळते. पाठपुराव्याचे कोणी विचारत नाही. पैसा जिथे मोजला जातो तिथेच माणूस काम करतो. म्हणून मदतीचा शेवटचा हप्ता सहा महिन्यांच्या अहवालाला बांधावा: किती चौकशांना उत्तर गेले, किती नमुने गेले, किती चाचणी कंटेनर निघाले, दुसऱ्यांदा मागणी किती जणांकडून आली, किती पैसे अडकले. करार-सामंजस्यांची संख्या त्यात नसली तरी चालेल.

परदेशी सरकारच्या पैशावर चालणाऱ्या चेंबरला आपण हुकूम सोडू शकत नाही, याची आम्हाला जाणीव आहे. पण मूळदेशाचे साधे, म्हणजे सवलतीच्या दराशी संबंध नसलेले, दाखले देण्याचा अधिकार चेंबरना विदेश व्यापार महासंचालनालय देते. आपल्या दूतावासांतले व्यापार अधिकारी त्यांच्यासोबत कार्यक्रम करतात, आपली मदत अनेक कार्यक्रमांना जाते. तेवढ्या बळावर काही गोष्टी नक्की मागता येतील. ज्या संस्थेला केंद्राची मदत हवी, तिच्या शेती-अन्न समितीत पॅकहाऊस चालवणारा आणि शेतकरी उत्पादक कंपनीचा प्रतिनिधी असावा, मुंबई-पुण्याबाहेरचा. टेबलावरचा अधिकारी बदलताना चालू चौकशांची लेखी नोंदवही नव्या माणसाच्या हाती द्यावी. आज अधिकारी गेला की त्याच्या मेलबॉक्सबरोबर आमचे खरेदीदारही जातात. त्या अधिकाऱ्याने नेमणुकीच्या पहिल्या वर्षात एक कापणी, एक कंटेनर भरणी आणि एक पथारी प्रत्यक्ष पाहावी.

आणि एक काम तर आपल्या एका परिपत्रकाने होईल. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा निर्यात प्रोत्साहन समिती आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या समित्यांची वर्षातून दोनदा एकत्र बैठक घ्यावी. आखात आणि युरोपशी काम करणाऱ्या चेंबरच्या टेबल-अधिकाऱ्यांना, अध्यक्षांना नव्हे, तिथे बोलवावे. पहिल्या बैठकीचा विषय एकच ठेवावा: माल उतरल्यावरची पाहणी आणि तक्रार निवारण. कलमाचा मसुदा, लॉगरच्या नोंदी आणि कापलेल्या बिलांची कागदपत्रे घेऊन आम्ही येऊ. तारीख आपल्या कार्यालयाने कळवावी.

आपले,
खान्देशातील केळी, मिरची व औद्योगिक मालाच्या निर्यातीतली मंडळी
जळगाव – धुळे – नंदुरबार