रिकाम्या पोटी ओव्हन चालवू नये

कराड, जि. सातारा
दि. ८ डिसेंबर २०२५

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
मुख्य कार्यालय

विषय : २८ लिटर कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह ओव्हनची वॉरंटी ‘चुकीचा वापर’ या कारणाने नाकारल्याबद्दल, तसेच ओव्हनसोबत आलेल्या मराठी सूचनापत्रकाबद्दल तक्रार.

महोदय,

गेल्या गुढीपाडव्याला, ३० मार्च रोजी, आम्ही कराडमधल्या आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून वरील ओव्हन १६,४९० रुपयांना घेतला. १७ नोव्हेंबरला तो बिघडला. दिवा लागतो, ताटली फिरते, घरघर येते, पण आतलं दूध थंडगार. त्याआधी दोन दिवस आतल्या उजव्या भिंतीपाशी ठिणग्या उडत होत्या. २१ तारखेला आपला तंत्रज्ञ साताऱ्याहून आला, वीसेक मिनिटं थांबला, मॅग्नेट्रॉन, म्हणजे पदार्थ तापवणाऱ्या लहरी तयार करणारा भाग, गेलाय म्हणाला आणि जॉबशीटवर लिहून गेला : ‘ओव्हन रिकामा चालवला. ग्राहकाकडून चुकीचा वापर. वॉरंटी लागू नाही.’ मॅग्नेट्रॉनवर आपली ४ वर्षांची वॉरंटी आहे. तरी हातात पडलं ४,८५० रुपयांचं अंदाजपत्रक, आणि भेटीचे ५९० रुपये तिथल्या तिथे भरावे लागले ते वेगळेच.

जॉबशीटवर लिहिलंय ते खरं आहे. ओव्हन रिकामा चालवला गेला होता. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं पत्र आपण नीट वाचाल.

आमच्याकडे ओव्हन जास्त वापरतात त्या माझ्या सासूबाई. वय ७१, जुनी अकरावी पास. औषधाच्या बाटलीतली घडीची चिठ्ठीसुद्धा भिंग लावून वाचणारी बाई. मी पतसंस्थेत नोकरी करते आणि कागद न वाचता सही ठोकणारी माणसं रोज बघते, त्यामुळे मला त्यांच्या या सवयीचं कौतुकच आहे. खोक्यात ६४ पानांची इंग्रजी पुस्तिका होती आणि चार पानांचं मराठी पत्रक होतं. सासूबाईंनी ते पत्रक पेन्सिलीने खुणा करत दोनदा वाचलं आणि त्यात लिहिल्याबरहुकूम वागल्या. माझी सगळी तक्रार इथून सुरू होते.

पत्रकातलं पहिलंच वाक्य : ‘हे उपकरण जमिनीवर असणे अत्यावश्यक आहे.’ सासूबाईंनी त्याच दिवशी यांच्याकडून ओव्हन ओट्यावरून खाली उतरवून घेतला. आठवडाभर तो देवघराशेजारी पाटावर होता आणि त्या त्याच्यासमोर मांडी घालून पापड भाजत होत्या. शेवटी प्रात्यक्षिक दाखवायला आलेल्या मुलीने कपाळाला हात लावला, तेव्हा तो परत ओट्यावर गेला. मी नंतर इंग्रजी पुस्तिका उघडून पाहिली. तिथे ‘ग्राउंडेड’ असा शब्द आहे. म्हणजे सांगायचं होतं अर्थिंगबद्दल! तीन पिनांचा प्लग अर्थिंग असलेल्या सॉकेटातच घाला, एवढंच. हा ओव्हन कन्व्हेक्शनवर, म्हणजे गरम हवेने भाजताना, २२०० वॅट घेतो, म्हणजे जवळपास १० अँपिअर. ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटात कन्व्हर्टर खुपसून कुणी तो चालवला तर सॉकेट वितळायचं. आमच्या ओट्याजवळ १६ अँपिअरचा पॉइंट आधीपासून होता म्हणून निभावलं.

पुढे प्रत्येक पदार्थासमोर ‘उभे राहण्याची वेळ’ दिली आहे. भाजीला २ मिनिटे, बटाट्याला ५ मिनिटे. सासूबाईंचे गुडघे दुखतात. तरी बटाटे झाल्याची बेल वाजली की ओट्याला हात टेकून, घड्याळाकडे बघत त्या पाच मिनिटं उभ्या. मी एकदा विचारलं, “आई, काय बघताय एवढं?” तर म्हणाल्या, “अगं, लिहिलंय ना, उभं राहायचं.” गंमत अशी, की त्या नादात बटाटे आत व्यवस्थित मुरायचे. कडेची उष्णता मधोमध पोचेपर्यंत पदार्थ झाकून तसाच ठेवायचा, हेच तर तिथे म्हणायचं होतं. भाताला वाफ मुरू देतो तसं. ‘मुरू द्या’ हे दोन शब्द महाराष्ट्रातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात कळले असते.

इथवर हसण्यावारी नेण्यासारखं आहे. पुढचं नाही.

सप्टेंबरमध्ये सासूबाईंनी काचेच्या गुळगुळीत पेल्यात पाणी तापवलं. मध्येच फोन आला, पाणी निवलं, म्हणून तेच परत तापवलं. पेला बाहेर काढला तेव्हा पाण्यावर एक बुडबुडा नव्हता, अगदी शांत. त्यात सुंठीची पूड टाकली मात्र, अर्धं पाणी उसळून मनगटावर आलं. रुपयाएवढा फोड आला, दहा-बारा दिवस ड्रेसिंग चाललं. आम्हाला वाटलं, सुंठीतच काहीतरी असेल. नंतर कळलं, की गुळगुळीत भांड्यात बुडबुडे धरायला जागा नसते, त्यामुळे पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही न उकळता गप्प बसतं, आणि पूड किंवा चमचा पडला की एकदम उसळतं. परत तापवलेल्या पाण्यात तर ही भीती जास्त, कारण त्यातली हवा आधीच निघून गेलेली असते. म्हणून पाण्यात लाकडी चमचा ठेवावा, मध्येच थांबवून ढवळावं, झाल्यावर मिनिटभर हात लावू नये. आपल्या पत्रकात यावर असं वाक्य आहे : ‘पेयांचा विलंबित उद्रेक होऊ शकतो म्हणून कंटेनरची काळजी घ्यावी.’ सासूबाई कंटेनरची काळजी घेतच होत्या. काचेचा पेला त्या मऊ फडक्याने पुसून ठेवायच्या. मनगटाची काळजी घ्या असं कुठे लिहिलं होतं?

आणि आता ज्या वाक्यामुळे आपण वॉरंटी नाकारली ते. इंग्रजी पुस्तिकेत सातव्या पानावर, चौकटीत, ठळक अक्षरांत लिहिलंय, की आत पदार्थ नसताना मायक्रोवेव्ह चालू करू नका. मराठी पत्रकात त्याचं झालंय : ‘रिकाम्या पोटी ओव्हन चालवू नये.’

माझी मुलं हे वाचून लोळून हसली. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांना मधुमेह आहे. ‘रिकाम्या पोटी’ हे शब्द त्यांच्या गोळ्यांच्या पाकिटावर असतात, लॅबच्या चिठ्ठीवर असतात. त्यात शेजारच्या काकूंनी ‘त्यातून किरणं येतात बरं का’ असं आधीच मनात भरवून दिलेलं. किरणांचं काम म्हटल्यावर काहीतरी पथ्य असणारच, असं त्यांनी धरलं. तेव्हापासून चहा आणि अर्धी भाकरी पोटात गेल्याशिवाय त्या ओव्हनला हात लावत नसत. (किरणांचं म्हणाल तर दार उघडताक्षणी ओव्हन आपोआप बंद होतो, आणि दाराच्या काचेतली बारीक भोकांची जाळी त्या १२ सेंटिमीटर लांबीच्या लहरींना बाहेर पडू देत नाही. दार वाकलेलं नाही, कडी धड बसते, तोवर भिण्याचं कारण नाही. पत्रकात एवढं सांगितलं असतं तर काकूंचंही तोंड बंद झालं असतं.)

तर भाकरी खाऊन, म्हणजे आपली सूचना तंतोतंत पाळून, सासूबाई ओव्हन रिकामा चालवत होत्या. घड्याळ म्हणून. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बारीक करायचा आणि ओव्हनवर पाच मिनिटं लावायची. बेल वाजली की गॅस बंद. बाहेरच्या खोलीतलं घड्याळ त्यांना दिसत नाही, ओव्हनची बेल मात्र अंगणात ऐकू येते. नुसता टायमर लावायचं वेगळं बटण आपल्या ओव्हनवर आहे, हे मला गेल्या आठवड्यात समजलं. त्यावर नुसतं घंटीचं चित्र आहे आणि पत्रकात त्याला ‘स्वयंपाकघर वेळ’ म्हटलंय.

यात नेमकं काय बिघडलं हे मला आपल्या माणसाकडून कळलं नाही, चौकातल्या टीव्ही-मिक्सर दुरुस्तीवाल्या मामांकडून कळलं. त्यांनी दार उघडून आत बॅटरी मारली आणि उजव्या भिंतीवरचा करड्या रंगाचा पुठ्ठ्यासारखा तुकडा दाखवला. त्याला चण्याएवढं काळं भोक पडलं होतं. मी इतके महिने त्याला पुठ्ठाच समजत होते. तो अभ्रकाचा पत्रा. त्याच्यामागून लहरी आत येतात. त्यावर तेलाचे शिंतोडे बसून राहिले की ते जळून कोळसा होतो आणि ठिणग्या सुरू होतात, म्हणून तो ओल्या फडक्याने हलक्या हाताने पुसायचा असतो, काढून मात्र टाकायचा नसतो. “आणि वहिनी, आत काही नसलं ना, तर लहरी जाणार कुठं? माघारी मॅग्नेट्रॉनवरच येतात. दाणे न घालता जातं ओढलं तर दगडावर दगड घासतो, तसं हे.” आपल्या ६४ पानांत इतकं स्वच्छ कुणी सांगितलेलं नाही. मागचं झाकण उघडायला मात्र मामांनी साफ नकार दिला. म्हणाले, आत दोन हजार व्होल्टचा मामला आहे, प्लग काढला तरी कपॅसिटर वीज धरून बसतो, हे कंपनीच्या माणसाचंच काम.

आपल्या तंत्रज्ञ मुलाविरुद्ध माझी काही तक्रार नाही. तो नीट वागला. “आजी, कधी रिकामा चालवला होता का?” असं त्याने विचारलं आणि सासूबाईंनी “हो, रोजच की” म्हणून खरं ते सांगितलं. त्यावर वॉरंटी गेली. ‘आजी खोटं बोलली असती तर फुकटात झालं असतं,’ असं आता माझा मुलगा म्हणतो. ओव्हनच्या पैशांपेक्षा मला हे जास्त लागलंय.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चं कलम ८४ मी वाचलंय. वस्तू योग्य रीतीने कशी वापरायची याच्या पुरेशा सूचना, किंवा चुकीच्या वापराबद्दल इशारा दिलेला नसेल, तर होणाऱ्या हानीला उत्पादक जबाबदार धरला जातो. आपले वकील कलम ८७ दाखवतील, की धोका उघड किंवा सर्वांना माहीत असलेला असेल तर इशारा दिला नाही तरी चालतो. त्यावर माझं म्हणणं ऐका. आमच्या स्वयंपाकघरात भाकरीआधी तवा रिकामाच तापवतात. कढई रिकामी तापवून मग तेल घालतात. आपल्याच पाककृतींच्या पुस्तिकेत केकच्या पानावर ‘ओव्हन आधी १८० अंशांवर १० मिनिटे तापवून घ्या’ असं आहे, आणि कन्व्हेक्शनवर ते बरोबरही आहे. म्हणजे एकाच पेटीत एका बटणावर रिकामं तापवणं गरजेचं, दुसऱ्या बटणावर तेच केलं तर मॅग्नेट्रॉन जायचा. हा धोका उघड आहे असं आपण कुठल्या तोंडाने म्हणणार?

आमच्या चुका नाहीत असं नाही. दिवाळीत वर्ख लावलेली काजूकतली मीच आत ठेवली आणि फटाक्यांसारखा तडतडाट झाला. दोन सेकंदांत बंद केलं. धातूचं भांडं नको हे आपल्या पत्रकात बरोबर लिहिलंय. वर्ख म्हणजे चांदी, चांदी म्हणजे धातू, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. त्याचा दोष आपल्यावर टाकत नाही.

माझं मागणं असं. मॅग्नेट्रॉन आणि अभ्रकाचा पत्रा वॉरंटीत विनामूल्य बदलून द्यावा आणि भेटीचे ५९० रुपये परत करावेत. जॉबशीटवरचा ‘ग्राहकाकडून चुकीचा वापर’ हा शेरा लेखी मागे घ्यावा. त्याची प्रत सासूबाईंच्या नावे पाठवावी, माझ्या नव्हे. आणि मराठी पत्रक मराठी येणाऱ्या माणसाकडून नव्याने लिहून घ्यावं. ओव्हनच्या पाठीवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, नोंदणी क्रमांक आहे, म्हणजे यंत्राची तपासणी झालेली दिसते. पत्रक मात्र छापण्याआधी एकाही मराठी माणसाने वाचलेलं नाही, हे पहिल्या ओळीवरूनच कळतं. ते ज्यांच्या घरी गेलंय त्या सगळ्यांना नवीन पाठवा. त्यातली किती घरं जमिनीवर ओव्हन ठेवून बसली असतील, कोण जाणे.

१५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि मग साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज देईन. राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि या रकमेला शुल्क लागत नाही, हे मला माहीत आहे.

तोवर सासूबाईंनी स्वतःच्या अक्षरात एक कागद लिहून ओव्हनच्या वरच्या कपाटाला चिकटवलाय. नवीन पत्रक लिहिणाऱ्याला उपयोगी पडेल म्हणून त्यातल्या ओळी जशाच्या तशा देते :

“आत काही नसेल तर चालू करायचा नाही. भाकरी खाल्ली असली तरी नाही. पाणी तापवलं की लाकडी चमचा. करड्या पत्र्याला रोज ओलं फडकं, घासायचं नाही. स्टील, वर्ख, सोनेरी काठाच्या बश्या नकोत. अंडं कवचासकट नको. झाल्यावर मुरू द्यायचं. आपण बसलं तरी चालतं.”

आपली ग्राहक,
(सही)

सोबत : बिलाची, जॉबशीटची आणि मराठी पत्रकाची झेरॉक्स. पत्रकावरच्या पेन्सिलीच्या खुणा सासूबाईंच्या आहेत.