शंभर डॉलरचं गाणं

नाशिक

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला करारनामा वाचला. बँकेत आयुष्य गेलेल्या बाईला कागद वाचायला दिलास, म्हणजे आता तिचं ऐकूनही घ्यावं लागणार. मालिकेच्या शीर्षकगीताचे आणि बाकीच्या पाच गाण्यांचे सगळे हक्क एकरकमी, कायमचे, जगभरासाठी. आणि श्रेयनामावलीत नाव 'निर्मात्याच्या मर्जीनुसार'. रक्कम तुझ्या दोन महिन्यांच्या भाड्याइतकी आहे, म्हणून तुला मोह होतोय, हे मला कळतं. पण सही करण्याआधी स्टीफन फॉस्टर या अमेरिकन गीतकाराचं आयुष्य ऐक. लहानपणी 'ओ सुझाना' म्हणत घरभर नाचायचीस ना, ते त्याचं.

जन्म पिट्सबर्गजवळचा, ४ जुलै १८२६. घरातलं शेंडेफळ. शिक्षण धड पुरं झालं नाही, तेव्हा भावाने त्याला सिनसिनाटीला आपल्या आगबोटींच्या पेढीत हिशेब लिहायला बसवलं. म्हणजे आमच्याच जातकुळीतला! खतावणी लिहिता लिहिता तो गाणी करत होता. 'ओ सुझाना' १८४७ साली पिट्सबर्गच्या एका आइस्क्रीमच्या दुकानात पहिल्यांदा गायलं गेलं. कॅलिफोर्नियात सोनं सापडल्याची बातमी पसरली आणि तिकडे निघालेल्या लोकांनी ते वाटेत गात गात देशभर नेलं. पुष्कळ प्रकाशकांनी छापलं, कित्येकांनी परवानगी न घेता. फॉस्टरच्या हाती पडले शंभर डॉलर.

गंमत अशी की त्या शंभर डॉलरांनीच त्याला धीर आला. नोकरी सोडून फक्त गाणी लिहून जगायचं, असं त्याने ठरवलं. अमेरिकेत तोवर हे कुणी फारसं केलेलं नव्हतं. न्यूयॉर्कच्या फर्थ, पाँड कंपनीशी करार झाला, छापील प्रतीमागे दोन सेंट. हा करार मला आवडतो, कारण यात खपाशी नातं आहे. पण उत्पन्न फक्त कागद विकला जाईल तेवढंच. थिएटरात, तंबूत, आगबोटीच्या डेकवर कुणी कितीही वेळा गायलं तरी लिहिणाऱ्याला दमडी नाही, कारण गाण्याच्या प्रयोगावर हक्क सांगायला तेव्हा तिथे कायदाच नव्हता.

आता मला सगळ्यात जास्त खुपलेली गोष्ट. १८५१ साली त्याने 'ओल्ड फोक्स अॅट होम' लिहिलं. गाण्यात नदी हवी होती. पहिल्या खर्ड्यात त्याने दुसरीच नदी घातली होती, ती कानाला पटेना. मग भावाबरोबर नकाशा धुंडाळून फ्लोरिडातली सुवानी सापडली आणि एक अक्षर गाळून ती चालीत बसवली. ती नदी त्याने कधी पाहिलीही नव्हती. पुढे हेच गाणं फ्लोरिडाचं राज्यगीत झालं! पण छापताना गीतकार म्हणून नाव आलं ई. पी. क्रिस्टी या मंडळीवाल्याचं, कारण फॉस्टरने थोड्याशा डॉलरांत ते नाव लावायची मुभा दिली होती. वर्षभरात पश्चात्ताप झाला. नाव परत द्या, असं त्याने पत्र लिहिलं. क्रिस्टीने दिलं नाही. प्रतींचे पैसे मात्र फॉस्टरला मिळत राहिले. 'ओ सुझाना'त पैसे गेले होते, इथे नाव गेलं. तुझ्या करारात दोन्ही एकाच परिच्छेदात जातायत.

क्रिस्टीची ती मंडळी म्हणजे तोंडाला काळं फासून काळ्या गुलामांची नक्कल करणारे गोरे नट. त्यांच्यासाठी लिहिलेल्या फॉस्टरच्या सुरुवातीच्या गाण्यांतले कित्येक शब्द आज उच्चारवत नाहीत, आणि उच्चारूही नयेत. पिट्सबर्गमधला त्याचा पुतळा २०१८ मध्ये हलवला, ते मला योग्यच वाटलं. पायाशी बॅन्जो वाजवणारा काळा माणूस आणि वर वही घेऊन हा! पण फ्रेडरिक डग्लस, जो स्वतः गुलामगिरीतून पळालेला, त्यानेच 'माय ओल्ड केंटकी होम'सारख्या गाण्यांनी ऐकणाऱ्याच्या मनात गुलामांविषयी कणव जागते असंही म्हटलं होतं. दोन्ही खरं आहे.

१८५७ च्या जानेवारीत फॉस्टरने वही काढून प्रत्येक गाण्याची कमाई मांडली. 'ओल्ड फोक्स'चे १,६४७ डॉलर, 'केंटकी होम'चे १,३७२. पुढे कोणतं किती देईल याचाही अंदाज समोर लिहिला. त्याच्याच हिशेबाने ती रक्कम पुढे हाती आली त्याहून जास्त निघत होती. तरी उधारी अंगावर आली होती, म्हणून या गाण्यांवरचे पुढचे सगळे हक्क प्रकाशकांना सुमारे १,९०० डॉलरांत देऊन टाकले. हिशेब न कळणारा माणूस फसला तर समजतं. याला कळत होता. अडला होता, एवढंच.

त्यानंतरचं फार लांबवत नाही. १८६० मध्ये न्यूयॉर्क, दारू, बायको जेन मुलीला घेऊन दूर. लिहिलेलं गाणं लगेच रोखीने विकायचं, असा क्रम. बोवरीवरच्या स्वस्त हॉटेलात पडून गळ्याला जखम झाली आणि १३ जानेवारी १८६४ ला बेलव्ह्यू रुग्णालयात तो गेला, सदतीस वर्षांचा. पाकिटात ३८ सेंट आणि एक चिठ्ठी, 'प्रिय मित्रांनो आणि कोमल हृदयांनो' एवढंच लिहिलेली. जेन नंतर तारऑपरेटर म्हणून काम करत होती.

आता तुझं. फॉस्टरकडे नव्हतं ते तुझ्याकडे आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात गीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा सोडून देताच येत नाही, करारात लिहिलं तरी. वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो, तेवढाच. म्हणून आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीचं सभासदत्व आधी घे. 'मर्जीनुसार' हा शब्द खोडून 'गीत : मुक्ता' असं स्पष्ट लिहून घे, छापील आणि स्ट्रीमिंग अॅपवरच्या माहितीतही. 'कायमचे' च्या जागी ठरावीक वर्षं माग. भाड्याची चिंता असेल तर बाबांशी बोल, त्यांनी कालच विचारलं.

निर्मात्याने नाहीच म्हटलं तर तिथे काही बोलू नकोस. घरी येऊन फोन कर, मग रक्कम किती वाढवून मागायची ते दोघी बसून ठरवू.

तुझी,
आई