बाबा, चढ सोडू नका

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, चार भिंती टेकडीच्या चढावर पोटऱ्या भरून येतात, अंगात लॅक्टिक ॲसिड साठतं, म्हणून आता सपाटीवरच फिरतो. ते ऐकल्यापासून मला चैन नाही. वर्गात मी हाच भाग शिकवते, आणि त्या समजुतीपायी तुम्ही वर्षानुवर्षांचा चढ सोडावा हे मला पटत नाही.

लॅक्टिक ॲसिड हे विष नाही, बाबा. दुसऱ्या दिवशी पाय दुखतात ते स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा झालेली असते म्हणून. लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक ॲसिड अंगात ज्या रूपात असतं ते, तर खाली उतरून आल्यावर तासाभरात रक्तातून बहुतेक निघून गेलेलं असतं. शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाला १७८० मध्ये हे ॲसिड आंबलेल्या दुधात सापडलं. पुढे दमलेल्या स्नायूंत दिसलं आणि थकव्याचं सगळं खापर त्याच्यावर फुटलं.

खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे. हे लॅक्टेट रक्तातून मेंदूत जातं. शिवाय मेंदू स्वतःही ते बनवतो. चेतापेशींना सांभाळणाऱ्या ॲस्ट्रोसाइट नावाच्या पेशी साखर मोडून लॅक्टेट करतात आणि चेतापेशींना पुरवतात, असं पेलेरिन आणि माजिस्ट्रेट्टी यांनी १९९४ मध्ये मांडलं. तेव्हा ते इंधन म्हणूनच ओळखलं जात होतं. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूत हा पुरवठा रोखला. उंदीर नवी गोष्ट शिकले, पण ती टिकली नाही. बाहेरून लॅक्टेट दिलं तेव्हा टिकली.

आई, तू म्हणशील, पोटाला मिळालं की डोकं चालतंच, त्यात नवल काय? मलाही आधी तसंच वाटायचं. पण २०१४ मध्ये असं दिसलं की लॅक्टेट दिल्यावर चेतापेशींत आठवणी घट्ट करणारी जनुकं जागी होतात, आणि नुसती साखर दिली तर तसं होत नाही. म्हणजे लॅक्टेट पेशीला जेवणही देतं आणि निरोपही. तो निरोप घेणारा एक रिसेप्टरही आहे, म्हणजे पेशीवरचा निरोप टिपणारा रेणू, त्याचं नाव एचसीएआर१. नॉर्वेतल्या गटाने २०१७ मध्ये उंदरांना जोराचा व्यायाम दिला, तर मेंदूत बारीक रक्तवाहिन्या वाढल्या. नुसतं लॅक्टेट टोचलं तरी वाढल्या. ज्या उंदरांत हा रिसेप्टरच नव्हता, त्यांच्यात मात्र तेवढ्याच व्यायामानेही वाढ झाली नाही. हा प्रयोग मला फार आवडतो. पाय दमतात तेव्हा डोक्याला ते कसं कळतं, याचं उत्तर त्यात हाताशी येतं.

हे सगळं उंदरांमधलं आहे. चढ चढलात की आईचं नावं विसरणं थांबेल, असा शब्द मी देऊ शकत नाही. पण रमतगमत सपाटीवर चालण्याने रक्तातलं लॅक्टेट फारसं वाढत नाही, धाप लागेल अशा चढाने वाढतं, एवढं नक्की. आणि हो आई, दही खाऊन हे साधत नाही, त्यासाठी स्नायूंनाच राबावं लागतं.

तेव्हा बाबा, आधी डॉक्टरांकडे जाऊन बीपी आणि ईसीजी बघून घ्या, गुडघ्यांचंही विचारा. त्यांनी हो म्हटलं तर सकाळी उन्हं चढायच्या आत निघा. पोटऱ्या भरल्या तर थांबा, दम घ्या, पुन्हा चढा. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर मात्र लगेच परत फिरा. आईलाही सोबत न्या. डॉक्टर काय म्हणाले ते रविवारी फोनवर सांगा.

तुमची,
मनू